ज्ञ, ळ आणि दहा एचपीची मोटार

संकेश्वरी मिरचीचं पहिलं पोतं दारात आलं आणि मी ते परत पाठवलं. साल २०२५, मार्चचा दुसरा आठवडा. पोतं आणणारी बाई आमच्याच गल्लीतली. पीठ वर्षभर आमच्याकडं दळते, पण चटणी कुटायला पलीकडच्या गल्लीत जाते, कारण आमच्याकडं डंक, म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, नव्हता. जानेवारीत मीच तिला सांगून बसले होते, "यंदा आमच्यात डंक बसतोय, तू कुठं जाऊ नको." डंक बसलाही होता. चौथरा झाला, बोल्ट आवळले, कोऱ्या मोटारीवरचं प्लास्टिक फाडून झालं. तो चालवायची परवानगी तेवढी नव्हती.

आमची गिरणी पाच एचपीच्या मोटारीवर चालायची. डंक आणि नवी चक्की एकाच शाफ्टवर घ्यायची म्हणून दहाची मोटार आणली. जोडायला आलेल्या वायरमननं मीटरकडं बघितलं आणि पाना पिशवीत टाकला. "वहिनी, लोड वाढवून घेतल्याशिवाय मी हात लावत नाही. उद्या दंड बसला की माझं नाव सांगशीला."

मला वाटलं आठवड्याचं काम असेल. खंडेनवमी उजाडली. या सात महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवते. आमच्यासारखी छोटी दुकानं चालवणाऱ्या सीमाभागातल्या बऱ्याच जणांना हा रस्ता चालावाच लागणार आहे. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. बेळगाव जिल्ह्यातलं एक नगरपालिकेचं गाव, एवढं पुरे. नाव लिहिलं तर बिचाऱ्या बिल कलेक्टर अण्णांना ऐकून घ्यावं लागेल, आणि त्यांचा यात काही दोष नाही, उलट उपकारच आहेत.

वीज कचेरीत कागदांची यादी मिळाली. चालू वर्षाचा व्यापार परवाना, घरपट्टी भरल्याची पावती, आणि जागेचा मालकी उतारा, तोही कॉम्प्युटरचा, म्हणजे ई-खाता. वर एक बारीक गोष्ट सांगितली. मीटर ज्यांच्या नावावर आहे त्यांची सही लागेल. मीटर आजेसासऱ्यांच्या नावावर. ते जाऊन तीस वर्षं झाली. बिल दर महिन्याला त्यांच्याच नावानं येतं आणि आम्ही ते भरतो, त्यात कधी कुणाला वावगं वाटलं नव्हतं.

मग पालिका. बिल कलेक्टर अण्णा गोकाककडचे. मराठी बोलतात, पण वाक्याचा शेवट कन्नडच्या चालीवर वर उचलतात. "अक्का, पीआयडी नंबर सांगा की." मी घरपट्टीची पावती पुढं केली, मिळकतीचा हा नंबर तिच्यावर असतो. त्यांनी नंबर टाकला, स्क्रीन माझ्याकडं वळवली. सगळं कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, बाजारातलं. वाचता येतं ते बसच्या पाटीपुरतं. त्यांनीच वाचून दाखवलं. मालकाचं नाव वाचताना अडखळले, पुन्हा वाचलं, म्हणाले, "हे कोण?"

आजेसासऱ्यांचं नाव ज्ञ पासून सुरू होतं. आम्ही मराठी माणसं त्याचा उच्चार 'द्न्य' करतो. कन्नडमध्येही ज्ञ आहे, पण तिकडं तो 'ग्न'कडं झुकतो. पूर्वीच्या कुणा कारकुनानं रजिस्टरात कन्नड ज्ञ लिहिला, अगदी बरोबर लिहिला. पुढं ती रजिस्टरं कॉम्प्युटरमध्ये भरताना कुणी तो इंग्रजीत जी-एन-ए असा घातला. इकडं सासऱ्यांच्या आधारवर वडिलांचं नाव डी-एन-वाय-ए. माणूस एकच, पण कॉम्प्युटरला हे दोघे वेगळे. शिवाय आडनावात ळ. तो स्क्रीनवर ल झाला होता.

या ळ चं मला जास्त वाईट वाटलं. ज्ञ चा घोळ समजू शकते, त्याचा उच्चार प्रत्येक भाषेत वेगळा. पण ळ कन्नडला आमच्याइतकाच जवळचा आहे. बेळगाव म्हणा नाहीतर बेळगावी म्हणा, मधला ळ दोन्हीकडं ठाम उभा आहे. मराठीतून कन्नडमध्ये नाव सरळ गेलं असतं तर ळ ला काही झालं नसतं. दोन शेजारणींच्या मधे इंग्रजी कीबोर्ड आला आणि त्या पुलावरून जाताना ळ पाण्यात पडला.

नावापेक्षा मोठा घाव पुढच्या ओळीत होता. वापर: वासद. म्हणजे राहतं घर. जिथं चाळीस वर्षं गिरणी धडधडते आहे ती जागा पालिकेच्या हिशोबात राहती.

"असं कसं लिहिलं हो यांनी?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं. अण्णांनी जुना फॉर्म काढून दाखवला. आमच्याकडं घरपट्टी स्वयंघोषणेची आहे. किती फूट बांधकाम, कसलं, कशासाठी वापरता, हे मालकानंच लिहून द्यायचं आणि हिशोब करून कर भरायचा. फॉर्मवर 'राहते' पुढं खूण होती आणि खाली सासऱ्यांची सही, मोठी, ठसठशीत. काय बोलणार? घरी येऊन विचारलं तर मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "त्या वेळी सगळेच तसं लिहीत होते."

फरक भरावा लागला. एप्रिलमध्ये पूर्ण कर भरला तर पाच टक्के सूट मिळते, आणि मुदत उलटली की महिन्याला दोन टक्के दंड चढतो, हे पावतीच्या मागं छापलेलंच असतं. मागच्या वर्षांचा फरक आणि त्यावरचा दंड मिळून अकरा हजार आठशे. मामा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. मला मात्र एका गोष्टीचं नवल वाटलं. पैसे भरले त्याच मिनिटाला पावती मोबाईलवर आली. अण्णांनी चलन काढलं, मी फोनवरून भरलं, संपलं. पूर्वी घरपट्टी भरायची म्हणजे अर्धा दिवस रांग, सुट्ट्या पैशांवरून वाद आणि 'साहेब जेवायला गेलेत' असायचं. हे बदललंय, आणि चांगलं बदललंय. ज्याचं कौतुक करायचं ते केलं पाहिजे.

त्या रात्री ट्रंक उघडली. मामा, मी आणि माझी मुलगी. मुलगी नववीत, मराठी माध्यमात, पण शाळेत कन्नड शिकते. घरात कन्नड वाचणारी ती एकटी, त्यामुळं पुढचे सात महिने आमची वकीलही तीच. ट्रंकेत पावत्यांची सुतळीनं बांधलेली चळत निघाली. सगळ्यात खाली मोडीतला एक कागद, तो आता घरात कुणालाच वाचता येत नाही. त्यावर १९५३ची घरपट्टीची पावती, स्वच्छ मराठीत. मग १९६०च्या पुढच्या कन्नडमध्ये. मुलीनं त्या क्रमानं फरशीवर मांडल्या. मुंबई राज्य, मग १ नोव्हेंबर १९५६नंतर म्हैसूर राज्य, मग १९७३नंतर कर्नाटक. भिंत तीच, चूल तीच, शेजारी तेच. ती म्हणाली, "आजोबा, आपण न हलता तीन राज्यं फिरलो की." मामांना हे आवडलं. मला त्या पावत्यांवरचे आकडे खटकत होते.

कारण एकाच भिंतीला चार नंबर होते. पहिला सिटी सर्व्हेचा. मुंबई राज्यापासून आमच्या भागातल्या शहरांत सिटी सर्व्हे आहे, जुनी माणसं अजून 'सीटीएस नंबर' म्हणूनच जागा सांगतात. दुसरा पालिकेचा पीआयडी, कॉम्प्युटर आल्यावरचा. तिसरा विजेच्या मीटरचा आर.आर. नंबर. चौथा दारावर लाल रंगात रंगवलेला. वीसेक वर्षांपूर्वी पोरं टेप घेऊन मोजायला आली होती, तेव्हाचा. चौघं एका छताखाली राहत होते आणि एकमेकांना ओळखत नव्हते. आता जे ऑनलाइन म्हणतात त्याचं निम्मं काम या चौघांची ओळख करून देणं एवढंच आहे, हे मला त्या रात्री कळलं. बाकी निम्मं आपण काय लिहून ठेवलंय ते निस्तरणं.

ई-खात्यासाठी आधी वारस लागायचे. आजेसासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, मग वंशावळ. वंशावळीला आमच्याकडं वंशवृक्ष म्हणतात, आणि ती नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, मिळते. तिथं अर्ज दिला की एक पावती येते, तिच्यावर पंधरा आकडी नंबर असतो. ही 'सकाल' योजना, २०११च्या कायद्यातली. कामाला ठरलेली मुदत, मुदतीत झालं नाही तर दिवसाला वीस रुपये भरपाई, जास्तीत जास्त पाचशे. मामा पावती वाचून म्हणाले, "सकाळी देतात काय?" कन्नडमध्ये सकाल म्हणजे वेळेवर. पण आमच्या घरात ती 'सकाळची पावती'च झाली. दाखला मुदतीत आला, वीस रुपये काही मिळाले नाहीत, आणि मिळायला नकोच होते.

वंशवृक्षात दोन फांद्या. मामा आणि त्यांची धाकटी बहीण. आत्या चंदगड तालुक्यात दिलेल्या, म्हणजे सरहद्दीपलीकडं महाराष्ट्रात. फोन केला तर म्हणाल्या, "मला काय करायची गिरणी? सोडून देतो म्हणून लिहून देतो, कुठं अंगठा मारायचा सांग." आम्ही खूश. हक्कसोड करून घेऊ, एकच नाव लावू, सोपं. सब-रजिस्ट्रारच्या दारात गेल्यावर कळलं की २०२४च्या ऑक्टोबरपासून शहरातली कुठलीही मिळकत नोंदवायची तर ई-खाता आधी पाहिजे. ई-खाता काढायचं तर वारसांचं ठरलेलं पाहिजे. वारसांचं ठरवायचं तर हक्कसोड नोंदवलं पाहिजे. मी हे तिथल्या बाकावर बसून बोटांवर तीनदा मोजलं. तिन्ही वेळा बोट पहिल्याच पेरावर परत आलं.

आत्या चंदगडहून दोन एसट्या बदलून आल्या होत्या. डब्यात नाचण्याच्या भाकऱ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोघांचं नाव लावलं तर चालतंय काय?" चालत होतं. वारसानं दोघंही मालक, मग भांडण कसलं? मामा गप्प होते, मग म्हणाले, "लाव की. बाबांची गिरणी आहे, तिचं नाव असू दे." बसमध्ये बसताना आत्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या मुलीला वडिलांच्या मिळकतीत कधी मोजलं नव्हतं तिचं नाव कॉम्प्युटरच्या अडचणीमुळं लागलं. कायद्यानं हे आधीच द्यायला हवं होतं, आमच्या घरानं दिलं नव्हतं. ते असो.

आता अंगठ्याची गोष्ट. ई-खात्याला मालकांची आधारशी पडताळणी लागते, ती मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीनं होते. मामांच्या आधारला जोडलेला नंबर दहा वर्षांपूर्वी बंद झालेल्या सिमचा. नवा नंबर जोडायला तेव्हा आधार केंद्रात जाऊन अंगठा द्यावा लागायचा. मामांनी अंगठा ठेवला. मशीन लाल. पुसून ठेवला, लाल. तर्जनी, मधलं बोट, डावा हात, सगळं लाल. केंद्रातल्या पोरानं त्यांचा हात उलटा करून बघितला आणि म्हणाला, "आजोबा, रेषाच नाहीत."

कशा असतील? चाळीस वर्षं मामा चक्कीच्या दगडांना टाकी लावतात. दगड गुळगुळीत झाला की पीठ गरम येतं, चिकट होतं, मग दगड उतरवायचा, टाकी आणि हातोडीनं एकेक चर नव्यानं पाडायचा, बोटांनी चाचपत. दगडाच्या रेषा जागेवर ठेवता ठेवता बोटांच्या गेल्या. मामा त्या मशीनकडं बघून एवढंच म्हणाले, "पीठ खाल्लं तेव्हा बरं ओळख लागत नव्हती." शेवटी डोळ्यांवर निभावलं. बुबुळाची नोंद होती, ती जुळली. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात करायचं ठरलं होतं, म्हणून मी देवाचे आभार मानले.

नावातल्या फरकासाठी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं. ज्ञ वाला, जी-एन वाला आणि डी-एन-वाय वाला हे तिघंही एकच इसम होते, असं मामांनी नोटरीसमोर शपथेवर सांगितलं. स्वतःच्या वडिलांविषयी असं शपथेवर सांगताना माणसाला कसं वाटत असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

एव्हाना मे संपला होता, आणि त्याबरोबर मिरचीचा हंगामही. एकही पोतं चटणी आम्ही कुटली नाही. डंकावर गोणपाट टाकून ठेवलं होतं, त्यावर मांजर व्यालं.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत आजूबाजूचं जास्त दिसायला लागलं. पालिकेच्या व्हरांड्यात रोज भेटणारे लोक ओळखीचे झाले. एक शिक्षक होते, गावाबाहेर गुंठ्यावर घेतलेला प्लॉट. एन.ए. झालेलं नाही, लेआउट मंजूर नाही. अशांसाठी सरकारनं त्या वर्षी फेब्रुवारीपासून तीन महिन्यांची मोहीम काढली होती, एक वेळ दुप्पट कर भरा आणि बी-खाता घ्या. ते रोज विचारायचे, "बी म्हणजे कमी दर्जाचं का हो?" कुणी होय म्हणायचं, कुणी नाही. बी म्हणजे मिळकत पालिकेच्या रजिस्टरात येते, कर घेतला जातो, पण बेकायदा बांधकाम त्यानं कायदेशीर होत नाही. अण्णांनी हे त्यांना मराठीत, कन्नडमध्ये आणि हातवाऱ्यांनी सांगितलं. शिक्षकांनी घेतला. नसण्यापेक्षा बरा, म्हणाले.

दुसरी आठवण भाजीवाल्या मावशींची. बाजाराच्या तोंडाशी बसतात, मेथी, कोथिंबीर, हंगामात काकडी. त्यांचं कर्जाचं काम आमच्याआधी झालं. पालिकेनं फेरीवाल्यांची पाहणी केली होती त्यात त्यांचं नाव होतं, फोटोसकट. पीएम स्वनिधीची योजना २०२०च्या जूनमध्ये, कोरोनात सुरू झाली तेव्हा त्या यादीवरून त्यांना पहिले दहा हजार मिळाले. ते फेडले, मग वीस हजार. आता तिसऱ्या हप्त्याच्या कागदासाठी आल्या होत्या. ज्यांच्याकडं ना मालकी, ना मीटर, ना भिंत, त्यांचं काम एका यादीनं केलं. आमच्याकडं भिंत होती आणि भिंतीला चार नंबर होते, तरी आम्ही व्हरांड्यात बसलेलो. मावशी मला म्हणाल्या, "तुमचं जास्त झालंय, म्हणून अडकलंय." यावर मी काय बोलणार?

जुलैत आणखी एक वारं आलं. राज्यभर लहान दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्याच्या बातम्या आल्या, भाजीवाले, दूधवाले, बेकरीवाले. आमच्या गल्लीतली क्यूआर कोडची स्टिकर्स दोन दिवसांत गायब झाली. मामांनीही आमचं नखानं खरवडून काढलं. मी म्हटलं, "मामा, सेवेला वीस लाखांची मर्यादा आहे, आपलं दळण वर्षाला वीस लाख व्हायला गाव जेवायलाच बसलं पाहिजे." तरी त्यांनी ते महिनाभर परत चिकटवू दिलं नाही. एका बाजूला सगळे नंबर जोडून घ्या म्हणून आम्ही धावतोय, आणि दुसऱ्या बाजूला कुणीतरी जोडेल म्हणून स्टिकर खरवडतोय. माणसाचं मन असं दोन्हीकडं ओढतं, त्याला इलाज नाही.

ई-खात्यासाठी जागेचा फोटो आणि ठिकाणाची नोंद घ्यायला अण्णा स्वतः मोबाईल घेऊन आले. गिरणी चालू होती. मामा दारात उभे, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. "आजोबा, जरा बाजूला." मामा एक पाऊल सरकले. फोटो निघाला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात खाता मंजूर झालं तेव्हा छापील कागदावर तोच फोटो होता. डावीकडं दरवाजा, आणि चौकटीच्या कडेला मामांचा अर्धा खांदा आणि पिठानं भरलेला एक कान. खाली दोघा भावंडांची नावं. ज्ञ दुरुस्त झाला होता. वापराच्या पुढं आता वाणिज्य. ळ मात्र अजून ल च आहे. अण्णा म्हणाले, अर्ज द्या, होईल. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू.

मग व्यापार परवाना. हे सगळ्यात सोपं निघालं, आणि सगळ्यात मोठी चूक मी इथंच केली. अर्ज ऑनलाइन, कन्नड किंवा इंग्रजीत. मुलगी वाचत होती, मी सांगत होते. पीआयडी टाकल्याबरोबर मालक, पत्ता, भरलेला कर, सगळं आपोआप पुढं आलं. पाच महिने ज्याच्यासाठी घासले ते एका टिचकीत समोर. मी हरखून गेले आणि त्या भरात मोटारीचा आकडा विचारला गेला. परवान्याची फी एचपीवर ठरते. मी टॉर्च घेऊन मोटारीची पाटी वाचली आणि ओरडले, "साडेसात!" तिनं साडेसात टाकलं.

परवाना आला. तो घेऊन वीज कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी आमच्या लोडच्या अर्जाशी ताडून बघितलं आणि चष्मा वर केला. "अर्जात दहा एचपी लिहिलंय, परवान्यात साडेसात. नेमकी किती मोटार आहे?" मी घरी आले, परत टॉर्च मारला. पाटीवर साडेसात होतंच, पण पुढं किलोवॅट. त्याच्या खाली बारीक अक्षरात दहा एचपी. एक एचपी म्हणजे पाऊण किलोवॅटला थोडं कमी, हे वायरमननं मला मार्चमध्येच सांगितलं होतं. परत अर्ज, फीचा फरक, आणखी अठरा दिवस. यात पालिकेची चूक नाही, विजेवाल्यांची नाही, कुणाचीच नाही. मी मामांना सांगितलंच नाही. मुलीनं सांगितलं. मामा खूप हसले, घरपट्टीच्या फॉर्मनंतर पहिल्यांदा. आम्ही दोघं आता बरोबरीला आलो होतो.

पाटीचंही एक प्रकरण झालं. परवाना म्हणजे दुकानाचं नाव दिसलं पाहिजे, आणि २०२४च्या कायद्यानं पाटीवर साठ टक्के कन्नड. आमच्या भागात यावरून काय काय होतं ते मराठी वाचकांना सांगायला नको. गिरणीच्या दारावर मामांच्या वडिलांनी स्वतः रंगवलेली 'पिठाची गिरणी' अशी पाटी होती. मामांना ती उतरवायची नव्हती. मग रंगारी आला, त्याला मुलीनं कागदावर कन्नडमध्ये लिहून दिलं, 'हिट्टिन गिरणी'. रंगाऱ्यानं वाचलं आणि मामांकडं बघितलं. "आजोबा, गिरणी तीच की!" गिरणी कन्नडमध्येही गिरणीच. मोठ्या अक्षरात वर हिट्टिन गिरणी, खाली लहान अक्षरात पिठाची गिरणी. जुनी पाटी आत भिंतीला टांगली, डंकाच्या वर. सगळ्यांना हे आवडेलच असं नाही. मलाही फॉर्म मराठीत मिळाला असता तर बरं वाटलं असतं. ज्या भागात पंधरा टक्क्यांहून जास्त लोक एखादी भाषा बोलतात तिथं सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असा भाषिक अल्पसंख्याकांचा जुना निकष आहे, आणि कॉम्प्युटरवर एक भाषा वाढवायला छापखाना लागत नाही. माझी साडेसातची चूकही कदाचित टळली असती. कदाचित नसतीही.

लोड मंजूर झाला सप्टेंबरच्या शेवटी. मीटरवरचं नावही बदललं. आता बिल मामांच्या नावानं येतं. पहिलं बिल आलं त्या दिवशी त्यांनी ते बराच वेळ हातात धरलं, आणि मग आजेसासऱ्यांच्या फोटोमागं खोचून ठेवलं. तीस वर्षं बिल त्यांच्या नावानं येत होतं तोवर ते घरात होते, असं काहीतरी असावं. विचारलं नाही.

खंडेनवमीला आमच्यात यंत्रांची पूजा असते. दगड, पट्टा, टाकी, हातोडी, वजनं, सगळं धुऊन मांडलं. यंदा मामांनी त्यात ई-खात्याचा लॅमिनेट केलेला कागदही ठेवला, त्यांचा कान दिसतो तो. आत्या चंदगडहून आल्या होत्या. मालकीणबाई म्हणून मुलीनं त्यांना खुर्ची दिली. मिरची नव्हती, पण मार्चमध्ये जिला मी परत पाठवलं होतं ती बाई दिवाळीच्या भाजणीचा डबा घेऊन हजर. वायरमननं खटका दाबला, डंक दोनदा अडखळला आणि चालू झाला. मांजर पळालं.

पूजेत मोटारीच्या पाटीवर हळदकुंकवाचा थर बसला होता. संध्याकाळी मुलगी ओलं फडकं घेऊन तो पुसत होती. पुसून झाल्यावर तिनं खडूनं मोटारीवर, आधी कन्नडमध्ये आणि खाली मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'दहा एचपी. आई, परवान्याचं नूतनीकरण ३१ मार्चच्या आत.'